अनुभव धागा: कॅथलिक शाळेतला बालवर्ग, काय जमतं आणि काय फसतं

खडूपाटी
कपाट आवरताना जांभळ्या कापडाचा चौकोन सापडला आणि बालवर्गातलं प्रार्थनेचं टेबल डोळ्यांपुढे उभं राहिलं. तीन ते सहा वर्षांच्या मुलांबरोबर ज्यांनी काम केलंय त्यांनी इथे लिहा. गहिवर नको, कामाचं लिहा.

माझ्यापासून सुरुवात. टेबल मुलांच्या कमरेएवढं, ४५-५० सेंमी. त्याहून उंच असलं की ते 'बाईंचं टेबल' होतं आणि मुलं हात लावत नाहीत. त्यावर कापड, क्रूस आणि मुलाला एकट्याने उचलता येईल असं बायबल. बस. चौथी वस्तू आली की पाचवी येते आणि महिन्याभरात त्याची अडगळ होते. कापड उपासनावर्षाप्रमाणे, म्हणजे चर्चच्या सणांच्या वर्षाप्रमाणे: आगमनकाळ (नाताळच्या तयारीचे आठवडे) आणि उपवासकाळ (ईस्टरच्या तयारीचे) जांभळा, नाताळ-ईस्टर पांढरा, पेन्टेकॉस्ट (पवित्र आत्मा उतरल्याचा सण) लाल, बाकी हिरवा. ते मुलांच्या देखत, मुलांच्याच हातून, घडी घालून बदलायचं. आदल्या दिवशी गुपचूप बदलून ठेवलं तर कुणाच्या लक्षातही येत नाही.

चष्मिष्ट
रंगांसाठी ५२ तुकड्यांचं गोल चक्र करा. जाड पुठ्ठा, एका आठवड्याला एक पाचर. आगमनाचे ४ जांभळे, नाताळचे दोन-तीन पांढरे, उपवासकाळाचे ६ जांभळे, ईस्टरचे ७ पांढरे, पेन्टेकॉस्टचा १ लाल, उरलेले सगळे हिरवे. मुलं पहिल्याच दिवशी विचारतात, "हिरवे एवढे का?" तोच धडा. उत्तर द्यायची घाई करू नका.
एकच लाल तुकडा असतो आणि नेमका तोच हरवतो. दोन कापून ठेवा.

मोरपंखी
क्रूसाची खूण!! मुलांकडे तोंड करून उजव्या हाताने दाखवली की अर्धा वर्ग डाव्या हाताने करतो, आरशात बघितल्यासारखी. एक तर त्यांच्याकडे पाठ करा, नाहीतर स्वतः मुद्दाम डाव्या हाताने उलटी करा. पहिले दोन आठवडे मुलांच्या उजव्या मनगटाला लोकरीचा धागा. कपाळाला 'पित्याच्या', छातीला 'पुत्राच्या', डावा खांदा मग उजवा खांदा 'पवित्र आत्म्याच्या'. शब्द आणि हात एकत्र शिकवू नका. आधी चार दिवस नुसता हात, मग शब्द. एकत्र शिकवलं की हात नाकावर येऊन थांबतो आणि 'आमेन' आधीच होऊन जातं.

आळशी_गोगलगाय
एखादं मूल उजवा खांदा आधी करत असेल तर लगेच 'चूक' म्हणू नका हं. बायझंटाइन विधीच्या, म्हणजे पूर्वेकडच्या उपासना-परंपरेच्या कॅथलिक घरांत तोच क्रम आहे. घरी विचारून घ्या.

मोरपंखी
@गोगलगाय हो, हे राहिलंच. धन्यवाद.

धागादोरा
विषय जरा बाजूला नेतेय, पण बालवर्ग म्हटलं की अक्षरओळख आलीच. इंग्रजी ध्वनी शिकवताना मराठी बोलणाऱ्या बाईंचा सापळा वेगळाच. आपल्या प्रत्येक व्यंजनात 'अ' दडलेला. 'ब-ॲ-ट' म्हणताना तोंडून 'बऽ-ॲ-टऽ' जातं, मूल ते जोडून 'बअॅटअ' म्हणतं आणि शब्द काही सापडत नाही. व्यंजन पाय मोडून म्हणायचं: ब्, ट्, प्. स्, म्, न् हे ओढता येतात म्हणून सुरुवातीला सोपे: म्म्म्म, स्स्स्स. पहिला गट एस, ए, टी, पी, आय, एन असा घेतात, कारण या सहांतूनच सॅट, पिन, टॅप, निप असे कितीतरी शब्द होतात. मुलाला तिसऱ्या आठवड्यात 'मी वाचलं' म्हणता येतं. ए बी सी डी क्रमाने गेलं तर तोपर्यंत हाती काय, तर 'कॅब'.

बोटभर
आणि पेन्सिल? खडू ३-४ सेंमीचे तुकडे करून द्या. तुकडा एवढा आखूड की मूठ मावतच नाही, तीन बोटांतच धरावा लागतो. नवाकोरा लांब खडू दिला की मूठ वळलीच.

चष्मिष्ट
खडू मोडून देताना मुलांचे चेहरे बघण्यासारखे असतात 😀

शांतीवन
चांगल्या मेंढपाळाच्या दाखल्याबद्दल (येशूने सांगितलेली बोधकथा) कुणी लिहिलं नाही अजून. सोफिया काव्हालेत्ती आणि जियाना गोब्बी यांनी १९५४ मध्ये रोममध्ये सुरू केलेली पद्धत, माँटेसरीच्या धर्तीवर. लाकडात कापलेला मेंढपाळ, दहा मेंढ्या, हिरवा तळ, कुंपणाला उघडमिट होणारं दार. बाई एकदाच, सावकाश, शब्द कमीत कमी ठेवून हलवून दाखवतात. मग वस्तू फडताळावर, मुलांच्या हाती.
फसतं ते इथे: बाई शेवटी म्हणतात, "म्हणजे मेंढ्या कोण? आपण!" झालं, सगळी मजा गेली. ते मुलाला स्वतःला कळू द्यायचं, मग त्याला कितीही आठवडे लागोत.
मेंढ्यांना डोळे-नाक रंगवू नका, नाहीतर त्यांना नावं पडतात आणि 'टिप्या' हरवला म्हणून रडारड.

आळशी_गोगलगाय
आणि हरवलेल्या मेंढीच्या दाखल्यात, "शंभरातली एक मेंढी शोधायला गेला, मग बाकीच्या नव्व्याण्णव कुणी बघितल्या?" हा प्रश्न दर वर्षी. फादरनाच विचारा म्हणायचं आणि पळायचं 😛

पुठ्ठेवाला
नाताळचं नाटुकलं. डोक्याचा घेर या वयात साधारण ५० ते ५२ सेंमी. मुकुटाची पट्टी ६० सेंमी कापा, म्हणजे चढवाचढवीला जागा राहते. स्टेपलची टोकं बाहेरच्या बाजूला वळलेली हवीत, वरून चिकटपट्टी. आत राहिली की एक राजा रंगमंचावरच मुकुट फेकून देतो. देवदूतांचे पंख खांद्याच्या रुंदीपेक्षा मोठे नकोत, शेजारच्या मेंढपाळाच्या डोळ्यात जातात. वाक्य पाच-सहा शब्दांचं. मरियेला बाळ कसं धरायचं ते आठवडाभर आधीपासून द्या, नाहीतर ऐनवेळी बाळ एका पायाला लोंबकळतं.

शांतीवन
गव्हाणीची प्रथा संत फ्रान्सिसने १२२३ साली ग्रेच्चोला उभ्या केलेल्या देखाव्यापासून पसरली, हे मोठ्या मुलांना सांगता येतं. गंमत म्हणजे शुभवर्तमानात जन्माच्या प्रसंगी बैल-गाढव नाहीतच. आणि ज्ञानी लोक तीन होते असंही कुठे लिहिलेलं नाही.

पुठ्ठेवाला
उत्तम. वर्गात सहा मुलांना राजा व्हायचंय, प्रश्न सुटला.

कणीक_मास्तर
धागा भरकटतोय तर मीही. खेळायच्या पिठाच्या गोळ्याचं प्रमाण: २ कप मैदा, १ कप मीठ, २ मोठे चमचे तेल, २ मोठे चमचे क्रीम ऑफ टार्टर, दीड कप उकळतं पाणी थोडं थोडं करून. गरम असताना चिकट वाटतं म्हणून लोक मैदा ओततात आणि थंड झाल्यावर ते तडकतं. थांबा, निवू द्या, मग ठरवा. दमट हवेत मीठ पाणी ओढतं, गोळा पाघळतो, म्हणून घट्ट झाकणाचा डबा. बोटाला चीर असेल त्या मुलाला देऊ नका, मीठ झोंबतं. ग्लूटेन न चालणारं मूल असेल तर वर्गभर तांदळाचं पीठ. वेगळा गोळा देऊन त्याला एकटं पाडू नका.

धागादोरा
तांदळाचा गोळा भुगा होतो ना?

कणीक_मास्तर
होतो. तेल थोडं वाढवा आणि दोन दिवसांत संपवा.

जपमाळ
पूर्ण जपमाळेत ५९ मणी, या वयात फार झाले. जाड दोरीत दहा मोठे मणी ओवा, एक दशक. दहा वेळा 'नमो मारिया' (मरियेची प्रार्थना) म्हणवून घेऊ नका, दोन-तीन पुरे, बाकी मणी नुसते मोजायचे. तीन वर्षांखालच्यांसाठी मणी ३.२ सेंमीपेक्षा मोठाच हवा, घशात जाऊ नये म्हणून.
मिस्सेत (चर्चमधल्या मुख्य उपासनेत) छोट्यांना शेवटपर्यंत बसवू नका. मुलांच्या मिस्सांसाठीच्या १९७३ च्या रोमच्या निर्देशिकेत बायबलची वाचनं कमी करायला मुभा आहे, फक्त शुभवर्तमानाचं (येशूच्या चरित्राचं) वाचन वगळायचं नाही. पहिला ख्रिस्तप्रसाद (मिस्सेत मिळणारी पवित्र भाकर) साधारण सातव्या वर्षी (पोप पायस दहावे यांनी १९१० मध्ये ठरवलेलं वय), म्हणून बालवर्ग हात छातीवर फुली करून आशीर्वादाला जातो. इतर धर्मांची मुलंही त्याच रांगेत, कुणी वेगळं पडत नाही.

मोरपंखी
उपवासकाळात 'आलेलुया' हा स्तुतीचा घोष बंद असतो, तो पट्टीवर लिहून पेटीत ठेवायचा खेळ कुणी करतं का? ईस्टरला शाळा बंद असली की पेटी उघडायची राहून जाते.

खडूपाटी
सुट्टी संपल्यावर पहिल्या दिवशी उघडा. ईस्टरकाळ ५० दिवसांचा असतो, उशीर होत नाही. फक्त पेटी कुठल्या कपाटात ठेवली ते लिहून ठेवा.

बोटभर
राखेच्या बुधवारी (उपवासकाळाचा पहिला दिवस, कपाळाला किंवा डोक्यावर राख लावतात) मुलींच्या बटा क्लिपने मागे घ्या आणि राख कोरडी, अगदी चिमूटभर. राख पाण्यात कालवली तर कातडी चुरचुरते, कधी भाजतेसुद्धा. आणि नंतर तासभर चित्रकला ठेवू नका, कपाळ चोळलेले हात सगळीकडे लागतात.

चष्मिष्ट
@पुठ्ठेवाला, पंखांना तार कुठली? जाळीचा कपडा टिकत नाही.

पुठ्ठेवाला
तार नकोच. जाड पुठ्ठा, कडेला कापडी चिकटपट्टी, मागे इलास्टिकचे दोन फास. व्यक्तिगत निरोपात नमुना पाठवतो.