मदत हवी आहे : आईचा आमवात आणि चढती साखर

आईला (वय ५८) सहा वर्षांपासून आमवात आहे. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट, सोबत फॉलिक अ‍ॅसिड. मार्चमध्ये सांधे फारच सुजले म्हणून सकाळी १० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन (स्टिरॉइड) सुरू झालं, ते अजून पूर्ण सुटलेलं नाही.

परवा एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी चाचणी) ६.३ आलं, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. उपाशीपोटीची साखर मात्र ९६! इतके दिवस आम्ही त्याच एका आकड्यावर खूश होतो. सकाळच्या स्टिरॉइडने साखर दुपारनंतर चढते, हे आत्ता डॉक्टरांकडून कळलं. वजन ५२ वरच आहे, पण हातपाय बारीक आणि पोट सुटलेलं. या आजारात स्नायू झडून चरबी वाढू शकते, आणि काट्यावर काहीच दिसत नाही. त्यात हृदयविकाराचा धोका साधारण दीडपट धरतात, म्हणून धास्ती.

कोणाच्या घरी असं झालंय का? जेवणानंतरची साखर कितीदा तपासता? तिला ग्लुकोमीटरची पट्टीसुद्धा धरवत नाही. मूठ वळत नसताना स्नायूंसाठी कोणता व्यायाम जमला? भात कमी करायला ती तयार आहे, चहातली साखर सोडून काहीही म्हणा.

स्टिरॉइड मनाने बंद करणार नाही, तो सल्ला कृपया नको.