मदत हवी आहे : बेरिॲट्रिक (वजन घटवण्याच्या) सर्जरीनंतर जनुकीय तपासणी करावी का? (इंदूर)

नमस्कार मंडळी. दादा-वहिनींनी गेल्या वर्षी इथेच, एकाच सर्जनकडे स्लीव्ह सर्जरी (जठराचा मोठा भाग काढून ते लहान करतात ती) करून घेतली. वहिनींचं वजन झरझर उतरलं, दादाचा काटा मात्र केव्हाचा अडकलाय. स्वयंपाक दोघांचा एकच. दादा आधी पनीर-डाळ, मग भाजी असं वाटी मोजून जेवतो, सराफ्याच्या खाऊगल्लीकडे फिरकतही नाही. तरी काकूंचं आपलं चालूच, "चोरून तळलेला गराडू खात असेल!" चीड येते हो.

वाचनात आलं की गॅस्ट्रिक बायपास (वजन घटवण्याचीच दुसरी सर्जरी) झालेल्या सख्ख्या नातलगांचं वजन साधारण सारखं घटतं, एका घरात राहणाऱ्या नवरा-बायकोचं तसं नाही. म्हणजे जनुकांचा हात आहेच. एमसी४आर जनुकात दोष असला तर लहानपणापासून भूक शमत नाही म्हणे. दादा पंगतीतून उठला की पुन्हा डबे उघडायचा! बाबा, आत्याही तशाच अंगाचे.

ही तपासणी कुणी केली आहे का? रिपोर्टमुळे पुढचे उपचार खरंच बदलले, की नुसती फाइल जाड झाली? जनुकीय समुपदेशक इंदुरात आहे, की मुंबई गाठावी? थायरॉइड, साखर नॉर्मल आहे. डाएटचे सल्ले कृपया नकोत, ते भरपूर झालेत.