टर्बो पेट्रोल दीड-दोन लाख किमी टिकते का?

घाटवाट: १.० लिटर, तीन सिलिंडर, डायरेक्ट इंजेक्शन (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणारं), ६५,००० किमी झालेत. वॉरंटी संपली. रोज शहरात ५-६ किमी, महिन्यातून दोनदा पुणे-मुंबई. गाडी अजून ७-८ वर्षं ठेवायची आहे. टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंखा) कधीतरी बदलावाच लागतो, असं गॅरेजवाले म्हणतात. खरंय का?

वंगण: नाही. टर्बो वयाने जात नाही, ऑइलमुळे जातो. त्याचा शाफ्ट मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो आणि ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. तापलेलं इंजिन एकदम बंद केलं की बेअरिंगमधलं ऑइल जागीच करपतं, कोळसा धरतो, ऑइलची बारीक नळी चोंदते. (म्हणून टर्बो बदललाच तर ती नळीही नवी घाला, नाहीतर नवा टर्बोही उपाशी राहून जातो.)

तुमच्या गाडीला मात्र हायवेपेक्षा ती ५-६ किमीची फेरी जास्त बाधते. इंजिन पुरतं तापत नाही, पेट्रोल पिस्टनच्या रिंगांवरून ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिक (ऑइलची पातळी मोजायची पट्टी) काढून बघा. लेव्हल आपोआप वर चढली असेल, पेट्रोलचा वास येत असेल, तर ऑइल लगेच बदला. मॅन्युअलमध्ये १०,००० किमी किंवा वर्ष लिहिलं असेल तर तुम्ही ७,००० किंवा सहा महिने धरा. ग्रेड मॅन्युअलमधलीच, दर्जा एपीआय एसपी (ऑइलच्या डब्यावर लिहिलेला असतो).

तिसरागिअर: एसपीचा आग्रह बरोबर आहे. कमी आरपीएमवर जास्त लोड आला की ठिणगीआधीच मिश्रण पेटतं आणि पिस्टनच्या रिंगांमधली कड तुटते. एसपी दर्जाची चाचणी हा धोकाही तपासते. तरी चढावर पाचव्या गिअरमध्ये १,५०० आरपीएमला अॅक्सिलरेटर पूर्ण दाबू नका. गिअर खाली घ्या.

बोरघाट चढून लोणावळ्यात लगेच चहाला थांबणार असाल तर इंजिन मिनिटभर आयडलला ठेवा. शहरातून हळू आलात तर त्याची गरज नाही.

घाटवाट: पिकअप थोडा कमी वाटतोय. टर्बो गेला असेल?

झडप: लगेच टर्बोवर जाऊ नका. आधी इंटरकूलरचे (टर्बोतून आलेली तापलेली हवा गार करणारा भाग) होज आणि क्लॅम्प तपासा. फाटलेल्या होजमुळेही बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) पडतो. असा होज स्मोक टेस्टमध्ये, म्हणजे आत धूर सोडून गळती शोधताना, सापडतो. मग एअर फिल्टरकडून टर्बोकडे येणारा पाइप काढून कॉम्प्रेसरचं चाक (टर्बोमधला हवा दाबणारा पंखा) बोटाने हलवा, इंजिन गार असताना. आडवं किंचित हललं तर चालतं. पुढे-मागे हललं, पाती घासलेली दिसली किंवा एक्झॉस्टमधून निळा धूर येत असेल, तरच टर्बोचा खर्च काढा.

दुसरा संशयित म्हणजे इनटेक व्हॉल्व्हवरचा (हवा आत घेणारी झडप) कार्बन. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल त्या व्हॉल्व्हवर पडतच नाही, त्यामुळे टाकीत ओतायच्या क्लीनरचा तिथे उपयोग नाही. सकाळी गार इंजिन थरथरत असेल तर बोअरस्कोपने (आत घालायचा बारीक कॅमेरा) बघून घ्या. थर जाड असेल तर मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्या) काढून अक्रोडाच्या टरफलांच्या भुग्याने ब्लास्टिंग करतात, ते करून घ्या. एअर फिल्टर बदलताना डब्याच्या सगळ्या क्लिपा नीट बसल्या का तेही बघा. तिथून शिरलेली धूळ थेट कॉम्प्रेसरच्या पात्यांवर आदळते.