‘सिच्युएशनल’ला मराठीत काय म्हणावे?

गोदाकाठ: नाशिकरोड कारागृहातल्या बंद्यांसाठी आरोग्य-कायद्याची पत्रिका मराठीत करतोय. एरवी बायकांकडे ओढा, पण आत असेपर्यंत पुरुषाशी संबंध, याला इंग्रजीत ‘सिच्युएशनल होमोसेक्शुअ‍ॅलिटी’ म्हणतात. ‘परिस्थितीजन्य समलैंगिकता’ चालेल?

पंचवटीकर: आधी ‘परिस्थितिजन्य’. मुळात ऱ्हस्वान्त असलेला तत्सम शब्द समासात पहिला आला की ऱ्हस्वच. आणि ‘समलिंगी’ असताना हिंदीतलं ‘समलैंगिक’ कशाला?

अडकित्ता: ऱ्हस्वदीर्घ राहू द्या हो. बराकीत एकट्याने वाचायची सोय नसते, शेजारचा डोकावतोच. मथळ्यात ‘समलिंगी’ दिसलं की पत्रिका कोणी हातात धरणार नाही. एड्स नियंत्रणवाल्यांनी ‘एमएसएम’ (पुरुषांशी शरीरसंबंध ठेवणारे पुरुष) आणलं ते यासाठीच: माणूस कोण हे विचारायचं नाही, काय घडलं ते विचारायचं. ‘पुरुषाशी शरीरसंबंध आला असेल तर’ एवढं पुरे. कोती (बायकी वळणाचा), पंथी (त्याचा पुरुषी जोडीदार) हेही टाळा. ते शब्द बाहेरच्या समुदायाचे, कच्च्या कैद्याला स्वतःला लागू वाटणार नाहीत.

वकीलवाडी: ‘संबंध’ हा शब्दच फसवा. बिडी, कँटीनचं सामान, झोपायला बरी जागा, दादाचं संरक्षण यांच्या बदल्यात घडलेलं मर्जीचं म्हणायचं का? जबरदस्तीसाठी वेगळा परिच्छेद करा. पण तिथे नुसतं ‘बलात्कार’ लिहून भागत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये पीडित स्त्रीच आहे. जुन्या दंड संहितेतल्या ‘अनैसर्गिक’ संबंधांच्या कलम ३७७ मधलं प्रौढांच्या संमतीचं २०१८ साली गुन्ह्यातून वगळलं, जबरदस्तीचं राहिलं होतं. १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत ते कलमच नाही. त्याआधीची घटना असेल तर जुनं ३७७ लागतं, म्हणून तारीख हवीच. नंतरची असेल तर दुखापत (११५), डांबून ठेवणं (१२७) अशी जुळवाजुळव. तक्रारीत विशेषण नको. कोणी, केव्हा, कुठे, काय केलं ते लिहा. कपडे धुऊ नका, वैद्यकीय तपासणी लगेच मागा.

पंचवटीकर: मग ‘अनैसर्गिक’ गेलं ना?

वकीलवाडी: ३७७ बरोबर गेलं. पण १८९४च्या तुरुंग कायद्याच्या कलम ४५ मध्ये ‘अनैतिक वर्तन’ हा कारागृहातला अपराध आहेच. ‘संमती असेल तर काही होत नाही’ असं छापू नका.

पंचवटीकर: बरं, ‘कैदी’ अरबी. ‘बंदी’च ठेवा.

अडकित्ता: आणि ‘तुरुंग’ पोर्तुगीज, तो चालतो! ‘पुरुष-पुरुष संबंध आणि बंदी’ असा मथळा छापून पाहा. संबंधांवर बंदी आलीय असंच वाचतील.

पंचवटीकर: अनुस्वार तोच, अर्थ संदर्भाने कळतो.

अडकित्ता: मथळ्याला संदर्भ कुठून आणणार? ‘कैदी’च लिहा.

गोदाकाठ: आणि ‘सिच्युएशनल’?