पायथनच्या बिल्ट-इन फंक्शन्सचे डॉक्स: 'हे कुठे वापरू नये' हे पण लिहायला नको का?

घाटमाथा (धागाकर्ता)
बरेच दिवस डोक्यात आहे, आज लिहूनच टाकतो. पायथन या प्रोग्रामिंग भाषेतल्या बिल्ट-इन, म्हणजे आयत्या मिळणाऱ्या, फंक्शन्सच्या डॉक्सचं (वापराच्या माहितीचं) अधिकृत पान आहे ना, एबीसीडीच्या क्रमाने सगळी फंक्शन्स एकाच ठिकाणी, ते माझ्याकडे दिवसभर उघडं असतं. माझं म्हणणं एकच आहे की फंक्शन काय करतं एवढं लिहून भागत नाही, ते कुठे कामाचं नाही आणि तिथे त्याच्या जागी काय घ्यायचं हेही तिथेच सांगायला हवं.

आणि हे जमत नाही असं नाही, त्याच पानावर सम ची, म्हणजे बेरीज करणाऱ्या फंक्शनची, नोंद वाचा. सुरुवातीची किंमत स्ट्रिंग (मजकूर) चालणार नाही हे सांगितलंय, स्ट्रिंगा जोडायच्या तर जॉइन वापरा, दशांशांची बेरीज जास्त अचूक हवी तर मॅथ मधलं एफसम बघा, लिस्टांसारख्या गोष्टी एकामागे एक लावायच्या तर इटरटूल्स मधलं चेन. तीन-चार ओळींत माणूस योग्य दारात पोचतो.

आता लांबी मोजणारं लेन बघा. 'ऑब्जेक्टची लांबी म्हणजे त्यातल्या आयटम्सची संख्या'. बरं, मग स्ट्रिंगमधला आयटम म्हणजे काय? ते तिथे नाही. पण लांबी सिस.मॅक्ससाइझ या प्रचंड मोठ्या मर्यादेच्या वर गेली तर ओव्हरफ्लो एरर येऊ शकते हे मात्र आहे, जे शंभरातल्या नव्याण्णव जणांना जन्मात दिसणार नाही. 'ज्ञानेश्वरी' ची लेन ११ येते. आपण मोजतो ज्ञा, ने, श्व, री. हा फटका मराठीत काम करणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी बसतोच, नावाचा कॉलम कापायला जावं तर 'श्रीकांत' ची पहिली दोन कॅरेक्टर्स म्हणजे नुसता पाय मोडलेला 'श्' हातात येतो.

नेमकेपणा
असहमत. तुम्ही रेफरन्स (संदर्भ बघायचं पान) आणि ट्युटोरियल (शिकवणारा धडा) यांची गल्लत करताय. लेन हे फक्त स्ट्रिंगचं नाहीये, लिस्ट, टपल, डिक्शनरी, सेट, बाइट्स, उद्या तुम्ही लिहिलेला क्लास, सगळ्यांना तेच लागू. स्ट्रिंगचा आयटम कोणता हे स्ट्रिंगच्या नोंदीत असायला पाहिजे आणि ते तिथे स्पष्ट लिहिलंय, की स्ट्रिंग म्हणजे युनिकोड कोड पॉइंट्सची (प्रत्येक अक्षराला किंवा चिन्हाला दिलेल्या क्रमांकांची) न बदलणारी मालिका. ज्ञानेश्वरीत ज, हलंत, ञ, काना, न, मात्रा असं करत एकूण ११ कोड पॉइंट आहेत, उत्तर बरोबरच आहे. प्रत्येक फंक्शनखाली प्रत्येक टाइपचं रडगाणं लिहायला लागलो तर त्या पानाचं बाड होईल आणि मला रात्री अकरा वाजता एक आर्ग्युमेंट (फंक्शनला द्यायची किंमत) बघायचं असेल तर मी स्क्रोलच करत बसायचं का?

पाटी_पेन्सिल
मी कॉलेजात पहिल्या वर्षाला शिकवते, मुलं बरीचशी मराठी माध्यमातून आलेली. नेमकेपणा यांचं तत्त्व म्हणून सगळं बरोबर आहे, पण ही मुलं त्या पानावर येतात तेव्हा त्यांना 'स्ट्रिंगची नोंद' वेगळ्या पानावर आहे हेच माहीत नसतं, ती कशी शोधणार?

राउंडचं, म्हणजे संख्या जवळच्या पूर्णांकावर आणणाऱ्या फंक्शनचं, सांगते. मार्कांची सरासरी काढायचा प्रोग्राम दिला होता. ६२.५ चे ६२ आले आणि ६३.५ चे ६४. एक्सेल पहिल्याला ६३ देतं. अर्धा वर्ग म्हणाला कॉम्प्युटर चुकला. कारण असं की बरोब्बर मध्यावरची संख्या पायथन जवळच्या सम संख्येकडे नेतं, आणि हे डॉक्समध्ये आहे, उदाहरणासकट आहे, नाही म्हणत नाही. पण ते एका लांबलचक वाक्याच्या शेपटीला, त्यात दहाचा उणे घात वगैरे आधी येतं, तिथपर्यंत कोणी पोचतच नाही. आणि शाळेतल्यासारखं अर्ध्याला वर न्यायचं असेल तर काय करायचं? त्याचं उत्तर त्या नोंदीत नाही, तिथून ट्युटोरियलमधल्या फ्लोटिंग पॉइंटच्या धड्यावर जा, तो वाचा, मग अचूक दशांश हिशोबाच्या डेसिमल मॉड्यूलचं नाव कळतं. पैशाचे हिशोब करणारा माणूस एवढा फिरेल?

आणि फंक्शनच्या सहीमधली (नाव आणि कंसातल्या आर्ग्युमेंट्सची ओळ) ती तिरकी रेघ! समच्या कंसात आयटरेबल, मग रेघ, मग स्टार्ट. दर वर्षी कोणीतरी विचारतंच की मॅडम हा भागाकार कसला. तिच्या आधीची आर्ग्युमेंट्स नाव घालून देता येत नाहीत एवढाच अर्थ, पण तो सापडतो एफएक्यूमध्ये. निदान पानाच्या डोक्यावर एक ओळ टाका.

नेमकेपणा
तिरकी रेघ मान्य. एक ओळ, पानाच्या वर, कोणाला त्रास नाही.

रात्रपाळी
मी तिसरंच सांगतो. डॉक्सवर एवढा भरवसा ठेवू नका हो. स्ट्रिंगच्या सुरुवातीची अक्षरं काढणारं एलस्ट्रिप आठवा. त्याला दिलेली अक्षरं म्हणजे प्रीफिक्स नाही, त्यातली कुठलीही अक्षरं कुठल्याही क्रमाने समोर दिसतील तोवर काढली जातात, हे डॉक्समध्ये स्वच्छ लिहिलेलं होतं. तरी लोक वर्षानुवर्षं त्याच खड्ड्यात. शेवटी पायथन ३.९ मध्ये रिमूव्हप्रीफिक्स आणि रिमूव्हसफिक्स आणली तेव्हा कुठे सुटका झाली. फाइल उघडणाऱ्या ओपनचं तसंच, एन्कोडिंग (अक्षरं बाइट्समध्ये साठवायची पद्धत) दिलं नाही तर ते मशीनवर अवलंबून राहतं, हेही लिहिलेलं आहे, आणि तरी विंडोजवर मराठी फाइल उघडली की कचरा दिसतो म्हणून ओरड चालूच. आता ३.१५ पासून यूटीएफ-८ हेच एन्कोडिंग डिफॉल्ट करायचं ठरलंय, हा खरा इलाज. जिथे इशारा लिहावा लागतो तिथे फंक्शनच दुरुस्त करा.

घाटमाथा
रात्रपाळी, उदाहरण चांगलं दिलंत पण ते माझ्याच बाजूने जातं. आज एलस्ट्रिपची नोंद उघडा, 'आर्थर: थ्री!' मधून 'आर्थर: ' काढायचं उदाहरण आहे, एलस्ट्रिपने 'थ्री' चा (इंग्रजीत three) पुढचा भागही उडतो आणि नुसतं 'ईई!' उरतं, आणि लगेच खाली रिमूव्हप्रीफिक्सने काय येतं ते दाखवलंय. नवं फंक्शन आलं तरी जुन्याच्या नोंदीतून तिकडे बोट दाखवावंच लागलं ना? नाहीतर नव्याचा पत्ता कोणाला लागला असता. आणि लेन काही बदलणार नाही, राउंड पण नाही, एवढा जुना कोड त्यावर उभा आहे, तिथे लिहिणं हाच इलाज उरतो.

नेमकेपणा, पीएचपी या दुसऱ्या भाषेच्या मॅन्युअलला लोक नावं ठेवतात पण तिथे लांबी मोजणाऱ्या एसटीआरलेनच्या पानावरच टीप आहे की हे कॅरेक्टर्स नाही, बाइट्स मोजतं. त्याच पानावर, दुसरीकडे नाही.

नेमकेपणा
पीएचपीला दर फंक्शनला वेगळं पान आहे, त्यांना जागा आहे. आणि त्याच पानांच्या खाली वाचकांच्या टिपा असतात, त्यातल्या कित्येक जुन्या झाल्यात, लोक तरी तिथून कोड उचलून चिकटवतात. जेवढं जास्त लिहाल तेवढं शिळं होतं, हा माझा मूळ आक्षेप आहे. आत्तासुद्धा पायथनमध्ये एकाच फंक्शनची दोन वर्णनं आहेत, टर्मिनलवर हेल्प दिलं की दिसतं ते पायथनच्याच सी भाषेतल्या कोडमधलं, आणि वेबवरचं वेगळ्या फाइलमधलं. लेनचं दोन्हीकडचं वाक्य सारखं नाहीये. ही दोन आधी जुळवा, मग नवीन भर घाला. समचंच बघा, ३.१२ मध्ये दशांशांच्या बेरजेची पद्धत बदलली, ०.१ दहा वेळा मिळवलं तर आधी ०.९९९… यायचं, आता पूर्ण १.० येतं. तुमच्यासारख्या कोणी तिथे 'उत्तर ०.९९९ येतं, सावधान' असं उदाहरण घालून ठेवलं असतं तर ते आज खोटं ठरलं असतं.

पाटी_पेन्सिल
उदाहरणं खोटी ठरू नयेत म्हणून पायथनमध्येच डॉकटेस्ट आहे की. डॉक्समधली उदाहरणं चालवून बघता येतात, उत्तर बदललं की कळतं. शिळं होईल म्हणून लिहायचंच नाही हे मला पटत नाही.

रात्रपाळी
आणि हल्ली कोण वाचतं डॉक्स, मुलं सरळ एआयला विचारतात.

पाटी_पेन्सिल
विचारतात, आणि ते उत्तर खरं आहे का हे ताडून बघायला मी त्यांना कुठे पाठवू? त्याच पानावर ना?

घाटमाथा
बरं, हवेत बोलण्यापेक्षा मसुदाच टाकतो. लेनच्या नोंदीत ही भर: 'स्ट्रिंगसाठी ही संख्या युनिकोड कोड पॉइंट्सची असते, वाचणाऱ्याला दिसणाऱ्या अक्षरांची नव्हे, पाहा: स्ट्रिंग टाइप.' बास. आणि राउंडमध्ये: 'अर्ध्याला नेहमी वर न्यायचं असेल तर डेसिमल मॉड्यूलमधला राउंड-हाफ-अप वापरा.'

नेमकेपणा
लेनचं वाक्य चालेल, लिंक आहे म्हणून. राउंडचं अजून नाही. 'नेहमी वर' म्हणजे उणे संख्येचं काय? डेसिमलमध्ये हाफ-अप शून्यापासून लांब नेतं, उणे २.५ चे उणे ३ होतात, त्याला वर म्हणत नाहीत. शिवाय फ्लोटच (पायथनची नेहमीची दशांश संख्या) डेसिमलमध्ये टाकला तर २.६७५ आधीच किंचित कमी असतो, दोन दशांशांना परत २.६७ च येणार. स्ट्रिंगमधून बनवा हे पण लिहावं लागेल.

घाटमाथा
बरोबर. 'अर्ध्याला शून्यापासून लांब न्यायचं असेल तर स्ट्रिंगवरून डेसिमल बनवा आणि राउंड-हाफ-अप वापरा'. आता बोला.

नेमकेपणा
आता बरं आहे. पण जागा टिपेत, पहिल्या परिच्छेदात नको.

पाटी_पेन्सिल
टिपेत गेलं तर परत कोणी वाचणार नाही, मी पहिल्या परिच्छेदावरच अडून बसणार.