व्हीटी१०० की व्हीटी२२०: फरक नुसता डब्याचा?

जुना_मॉनिटर: जुनी टर्मिनल, म्हणजे मोठ्या संगणकाला जोडायचे पडदा-कीबोर्ड, जमवायला सुरुवात करताय? सरळ डेक कंपनीचं व्हीटी२२० घ्या. व्हीटी१०० म्हणजे नुसता मोठा डबा, आत सगळं तेच.

हिरवा_फॉस्फर: "तेच"? कव्हर कधी उघडलंय का? १९७८ च्या व्हीटी१०० मध्ये ८०८० प्रोसेसर आणि कार्डांसाठी मोकळी जागा आहे. मूळ मशीनवर १३२ कॉलम लावले की मेमरी पुरत नाही, २४ ओळींच्या १४ होतात. ॲडव्हान्स्ड व्हिडिओ ऑप्शनचं कार्ड बसवा, २४ परत मिळतात, वर ठळक आणि लुकलुकणारी अक्षरं. ग्राफिक्सचं कार्ड घातलं की व्हीटी१२५, झेड-८० प्रोसेसरचं घातलं की सीपी/एम ही ऑपरेटिंग सिस्टीम चालवणारं व्हीटी१८०. २२० मध्ये काय घालणार, धूळ?

जुना_मॉनिटर: म्हणजे व्हीटी१०२ आणि २२० मध्ये जे आधीच असतं, त्यासाठी तुम्ही कार्ड शोधत वणवण करणार. धन्य ते अपग्रेड! आणि आठ-बिट अक्षरसंच, स्वतः काढलेली ९४ अक्षरं टर्मिनलमध्ये भरायची सोय? ती कुठल्या कार्डात मिळते ते सांगा.

कर्सर_काका: २२० चं कौतुक पुरे. त्याच्या एलके२०१ कीबोर्डवर एस्केपची कीच नाही! एफ११ दाबा म्हणे, आणि तेही व्हीटी१०० ची नक्कल करणाऱ्या मोडमध्येच चालतं. २२० मोडमध्ये एस्केपच्या पाठोपाठ आकडे आणि टिल्ड (~) येते. माझ्या व्हीआय या टेक्स्ट एडिटरमध्ये त्या टिल्डनं अक्षरं लहानाची मोठी करून ठेवली होती, आणि मी बसलोय प्रोग्राममधली चूक शोधत.

जुना_मॉनिटर: कंट्रोल दाबून डावा चौकोनी कंस. संपला विषय.

कर्सर_काका: संपला कसा? व्हीआयमध्ये दर मिनिटाला लागणाऱ्या कीसाठी दोन बोटं?

शांत_वाचक: व्हीआय घडला एडीएम-३ए या टर्मिनलवर. तिथं एस्केप आजच्या टॅबच्या जागी, आणि एच-जे-के-एलवर बाण छापलेले. तुमचं भांडण व्हीआयशी आहे, काका.

कर्सर_काका: शांत आहात तर शांतच राहा.

जुना_मॉनिटर: बरं, एस्केपवर काका जिंकले, हार कुठे पाठवू? पण १०० च्या पडद्यातल्या मोतीबिंदूबद्दल सगळे गप्प का? ट्यूब आणि पुढची काच यांच्यामधला चिकट थर सडतो, पडद्यावर डागच डाग.

हिरवा_फॉस्फर: काच सोडवून थर खरवडता येतो. मी केलंय.

जुना_मॉनिटर: म्हणजे कार्डही शोधा, ट्यूबही सोलून काढा. नवख्याला हेच सुचवताय ना?

हिरवा_फॉस्फर: नवख्याला ट्यूबला हात लावू नको असंच सांगेन. पण "आत सगळं तेच" हे वाक्य आधी मागे घ्या.