कोल्हापुरात प्रत्येक गरोदर बाईची सिकलसेल तपासणी व्हावी का?

लॅबताई_राजारामपुरी : बारा वर्षं रक्त तपासतेय. गेल्या महिन्यात गोकुळ शिरगावच्या फौंड्रीतल्या एका कामगारानं अकरा महिन्यांचं बाळ आणलं. हातापायांची बोटं सुजलेली, रात्रभर रडणं. दोन ठिकाणी मुका मार म्हणून मलम देऊन परत पाठवलेलं. आईबाप मूळ गडचिरोलीचे. एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार ओळखणारी तपासणी) केली, एसएस निघालं. म्हणजे आई आणि बाप दोघांकडून सिकलचं जनुक आलेलं, बाळाला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारच. गरोदरपणात त्या माउलीचं रक्त इथेच चारदा काढलं होतं. एचआयव्ही, साखर, कावीळ सगळं झालं, पण सिकल 'विदर्भातला रोग' म्हणून राहिलं. पहिल्या नावनोंदणीलाच ही तपासणी सगळ्यांची व्हायला हवी.

करवीरचा_आरोग्यसेवक : वाईट वाटलं, पण सरसकट तपासणी पटत नाही. जुलै 2023 मध्ये मध्य प्रदेशातल्या शहडोलला सुरू झालेल्या सिकलसेलच्या राष्ट्रीय मोहिमेतसुद्धा 7 कोटी लोकांचं लक्ष्य ठरवताना भर आदिवासी भागांवरच दिलाय. आपल्या राज्यात गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार हे खरे जिल्हे. इथे हजारो बायका तपासून मोजक्याच वाहक (एकच सिकल जनुक असलेल्या, स्वतः आजारी नसलेल्या) सापडतील. आमच्याकडे साध्या हिमोग्लोबिनच्या स्ट्रिप्स वेळेवर येत नाहीत. मूळ गाव विचारा आणि गरज असेल त्यांचीच करा.

लॅबताई_राजारामपुरी : मूळ गाव विचारलं की बाई जातीचा अंदाज घेताय असं समजून गप्प होते. मी रोज बघते. शिवाय आपल्या गांधीनगरात सिंधी समाज मोठा आहे आणि त्यांच्यात थॅलेसेमिया या दुसऱ्या आनुवंशिक रक्ताच्या आजाराचे वाहक जास्त आढळतात. एचपीएलसीच्या एकाच नमुन्यात दोन्ही कळतं. मग खर्च एकट्या सिकलच्या नावावर का मांडायचा?

शाहूपुरीची_लेक : माझा विरोध वेगळ्या कारणासाठी आहे. माझ्या मामेबहिणीची कॉलेजच्या शिबिरात सोल्युबिलिटी (सिकलची झटपट प्राथमिक चाचणी) झाली. कागदावर नुसतं 'सिकल पॉझिटिव्ह'. पुढची तपासणी नाही, समजावणं नाही. ठरलेलं लग्न मोडलं. वर्षभरानं कळलं की ती फक्त वाहक आहे. तिला कधी काही त्रास नव्हता. असा कागद देणार असाल तर रक्त काढूच नका.

लॅबताई_राजारामपुरी : ताई, तुमचं शंभर टक्के खरं. सोल्युबिलिटीत रक्त गढूळ झालं की एस (सिकलचं) हिमोग्लोबिन आहे एवढंच कळतं. वाहक की रुग्ण ते कळत नाही. तो कागद शेवटचा म्हणून देणं हा गुन्हाच. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला तर ती करूही नये, गर्भातलं हिमोग्लोबिन जास्त असतं, आजार लपतो. हे मी मूळ पोस्टमध्ये लिहायला हवं होतं : तपासणी म्हणजे एचपीएलसी किंवा तेच काम करणारी इलेक्ट्रोफोरेसिस, आणि रिपोर्ट समोर बसवून समजावलेला. बाई वाहक निघाली तर नवऱ्याचंही रक्त. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात आजाराची शक्यता 25 टक्के.

करवीरचा_आरोग्यसेवक : इथेच अडतं. आमच्या उसाच्या पट्ट्यात बाई नाव नोंदवायला येते चौथ्या महिन्यात. नवरा फडावर, त्याला बोलवायचं कुणी? तोवर गर्भाची तपासणी करून निर्णय घ्यायला वेळ फार थोडा उरतो. मी अजूनही निवडक तपासणीच म्हणेन, पण आशाताईंच्या नोंदवहीत मूळ गावाचा रकाना लग्न झाल्या झाल्या भरून घ्या.

लॅबताई_राजारामपुरी : उशीर झाला म्हणून सोडून देऊ नका हो. आईबाप दोघंही वाहक आहेत हे माहीत असतं, तर त्या बाळाचं रक्त वेळेत पाहिलं असतं. जंतुसंसर्ग टाळणारं पेनिसिलीन दुखणं दिसायच्या आधीच सुरू झालं असतं, न्यूमोकॉकलची (न्यूमोनियाची) लस वेळेवर झाली का तेही पाहिलं असतं. आता हायड्रॉक्सीयुरिया (दुखण्याचे झटके कमी करणारं औषध) कधी सुरू करायचं ते सीपीआर या सरकारी रुग्णालयाचे डॉक्टर ठरवतायत. आईला पुन्हा दिवस गेलेत, सातवा आठवडा. उद्या नवऱ्याला घेऊन येतेय.